बारा नंबरचा बिनपिठाचा केक

अहो, ऐकलंत का? कपडे वाळत घालताय ना, घाला, हात चालू द्या, पण कान जरा इकडे करा. बारा नंबरमध्ये परत केक झालाय! परत म्हणजे… पहिल्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच असेल. नाही? अगंबाई! अख्ख्या वाडीला ठाऊक आहे हो. हां हां, तुम्ही तेव्हा डोंबिवलीला लेकीकडे होतात. मग पहिल्यापासूनच सांगायला हवं.

तर बारा नंबरची धाकटी सून. बीकेसीला जाते ती, खांद्याला चटई अडकवून सकाळी योगाला पळते ना, तीच. तिनं नवं वर्ष लागल्यापासून धान्य सोडलंय. उपास नव्हे हो, डाएट! गहू नाही, तांदूळ नाही, ज्वारी-बाजरीसुद्धा बंद. 'ग्रेन-फ्री' म्हणायचं त्याला. काकूंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, विचारलं, "मग तू जेवणार काय?" तर म्हणे, "भाज्या, अंडी, पनीर, बदाम." बदाम म्हटल्यावर काकूंचा चेहरा बघायला हवा होतात. मी कठड्यापाशीच होते, तांदूळ निवडत. हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे बदाम बाळंतिणीला आणि परीक्षेला बसणाऱ्याला. तेही मोजून."

त्यात आला तिच्या सासऱ्यांचा, अप्पांचा, पंच्याहत्तरावा वाढदिवस. अप्पांचं तुम्हाला माहीतच आहे, वाढदिवसाला मेरवानचा मावा केक म्हणजे मावा केक. ग्रँट रोड स्टेशनसमोरचं ते इराण्याचं दुकान १९१४ सालचं. २०१४ मध्ये, बरोब्बर शंभर वर्षांनी, ते बंद होणार अशी बातमी आली होती, आठवतंय ना? केवढ्या रांगा लागल्या होत्या! अप्पा पहाटे स्वेटर घालून उभे. पुढे दुकान परत उघडलं तेव्हा काकू म्हणाल्या, "एवढी रांग तर आमच्या लग्नातल्या जेवणालाही नव्हती." पण गेल्या वर्षी अप्पांची शुगर निघाली आणि मावा केकवर फुली बसली. तर ही सून म्हणाली, "अप्पा, यंदा मी करते. गाजराचा केक. मैदा नाही, साखर नाही."

सात नंबरवाल्या वहिनी तिथंच. त्यांचा तो कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक, माहीत आहे ना, गणपतीत सगळ्या मजल्यांवर फिरतो. त्या पटकन म्हणाल्या, "मैदा नाही, साखर नाही? मग राहिलं काय? डबा?"

सगळे हसले. सून नाही हसली. आणि खरं सांगू, काकूही नाही हसल्या. मी तेव्हाच मनाशी म्हटलं, इथं काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी सून क्रॉफर्ड मार्केटातून बदाम घेऊन आली. येताना भाजी गल्लीतून गाजरं. ती केशरी, वर्षभर मिळतात ती, लाल दिल्लीची नव्हेत. काकूंनी तिथंच सुनावलं, "जानेवारीत लाल गाजर सोडून हे कोण आणतं? हे सॅलडमध्ये बरं." तिनं ऐकलं नाही. मग मिक्सर. बदाम एकदम घातले आणि घुर्र करून फिरवत राहिली, तर भांड्याच्या तळाला तेल सुटायला लागलं. काकू धावल्या. "अगं, लोणी होईल त्याचं! थांबून थांबून फिरव, काजूकतलीला फिरवतो तसं. मग चाळ, आणि चाळणीवरचं परत फिरव." आता बघा, केक शिकवायला निघाली सून आणि पीठ करून दिलं सासूनं!

मापाचा तर वेगळाच तमाशा. सुनेकडे तो काटा आहे, ग्रॅमचा, बटणाचा. काकूंकडे कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', १९७० सालच्या पहिल्या आवृत्तीतली, लग्नात मिळालेली, हळदीचे डाग पडलेली. त्यांचं सगळं वाटी-चमच्यात. सून म्हणते, "आई, २०० ग्रॅम." काकू म्हणतात, "म्हणजे किती वाट्या ते बोल." अर्धा तास एकमेकींना विचारणं चाललं होतं. अप्पा मध्येच म्हणाले, "वाढदिवस यंदाच आहे ना?"

तर काय सांगत होते… हां, केक. आता गोम ऐका. बेकिंग पावडर असते ना, तिच्यात मक्याचा स्टार्च असतो म्हणे. मका म्हणजे धान्य! सुनेनं डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि डबा बाजूला ठेवला. मग फुगणार कसा? तर खायचा सोडा. किती? एक चमचा. अख्खा! आणि त्यात आंबट म्हणून काही नाही. ना दही, ना लिंबू. काकूंनाही त्यातलं कळत नव्हतं, त्या गप्प.

संध्याकाळी वाढदिवस. अप्पा नवा सदरा घालून. मेणबत्ती एकच, पंच्याहत्तर लावल्या तर घर पेटेल म्हणून. केक वरून काय सुंदर दिसत होता हो, खरपूस, तांबूस. टाळ्या झाल्या, अप्पांनी सुरी घातली, तुकडा उचलला, आणि… आतून हिरवा! हो, हिरवा! गाजराचा एकेक कीस शेवाळासारखा हिरवा. माडीवरच्या आजी चष्मा पुसून वाकून बघतात आणि म्हणतात, "बुरशी गं बाई!" अप्पांच्या हातातला तुकडा हातातच. सुनेचा चेहरा, काय सांगू, पांढराफटक. आणि सात नंबरवाल्या वहिनी! बोलल्या काही नाहीत. नुसता पदर तोंडाला लावला. त्याहून ते बोलणं परवडलं असतं.

मग काकूंनीच माणूस पाठवून खोताच्या वाडीतल्या आंटीला बोलावलं. तीच ती, नाताळात आपल्याकडे ताट भरून पाठवते. रव्याचं, नारळाचं, बदामाचं ते थाळी स्वीट, तिथल्या लोकांचं खास. तिनं एक कीस चिमटीत धरला, वास घेतला, जिभेवर ठेवला, आणि म्हणाली, "काय बुरशी नाय. सोडा ज्यास्ती झाला, खटाई कमी. गाजर सोड्यात हिरवं होतं. खावा, मरत नाय कोण." मग कळलं, सोडा आंबटाशी मिळाला नाही की पीठ खारवट होतं आणि गाजराचा रंगच बदलतो. पाव चमचा सोडा आणि एका लिंबाचा रस, एवढंच पाहिजे होतं. पण हिरवा केक म्हटल्यावर खाणार कोण? अप्पांनी खाल्ला. एक पूर्ण तुकडा. सून समोर उभी होती ना! सोड्याची चव लागत असणार, साबणासारखी, तरी म्हणाले, "छान झालाय." काकूंनी त्या वेळी नवऱ्याकडे असं बघितलं… जाऊ दे, म्हाताऱ्या माणसांचं काय बोलायचं!

रात्री सुनेच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल. ती झुरिकला असते, नवरा बँकेत. भिंती एवढ्या पातळ, ऐकायला नको म्हटलं तरी ऐकू येतं हो. ती म्हणाली, अगं, इथं हा केक घरोघरी होतो. झुरिकच्या शेजारी आरगाऊ म्हणून प्रांत आहे, तिथला गाजराचा केक सगळ्या देशात नावाजलेला. गाजर, अंडी, बदामाचं नाहीतर हेजलनटचं पीठ, लिंबाची साल. मैदा घातलाच तर जेमतेम, काही जणी तोही घालत नाहीत. वर बदामाच्या लगद्याची इवली इवली गाजरं करून लावतात. आणि करतात आदल्या दिवशी, कारण दुसऱ्या दिवशी तो जास्त मऊ लागतो. मग हळूच म्हणाली, "साखर मात्र मजबूत असते हं." सुनेनं तेवढं ऐकलं नसावं. नाहीतर पुढचं रामायण झालंच नसतं.

तर पुढचा रविवार. दुसरा केक. या वेळी लाल गाजरं, काकूंच्या पसंतीची. सोडा पाव चमचा, लिंबू पिळलं. रंग असा आला की डोळे निवले. आणि गोड! अप्पा म्हणाले, "साखर नाही म्हणतेस आणि हे गोड कसं?" सून म्हणाली, "खजूर आहे अप्पा, नॅचरल शुगर." झालं! अप्पांना परवानगीच मिळाली. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा काकू आत चहा गाळत होत्या तेव्हा खाल्ला. दोन तासांनी ते बोटाला टोचायचं मशीन लावलं, तर आकडा २०० च्या वर! डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, जेवल्यावर दोन तासांनी १८० च्या आत.

आता काय झालं असेल कल्पना करा. काकू मशीनकडे बघतायत, मशीनवरून सुनेकडे. सून म्हणते, "पण साखर घातलीच नव्हती!" तेवढ्यात मोठा नातू, बारावीतला, मोबाइल घेऊन पुढे आला. "काकी, खजुराच्या वजनात दोन तृतीयांश साखरच असते. तू २०० ग्रॅम घातलास, म्हणजे १३० ग्रॅमच्या आसपास साखर. आठ तुकडे केले तर एकात १६ ग्रॅम, म्हणजे चार चमचे. आजोबांनी तीन खाल्ले." पुढचं गणित कुणी मोठ्यानं केलं नाही. अप्पा पंख्याकडे बघत बसले.

आणि तेव्हा काकू काय बोलल्या माहीत आहे? मला वाटलं आता उडणार भडका. त्या म्हणाल्या, "गूळ घालून लाडू करतो आणि शुगरवाल्यांना चालतो म्हणून वाढतो, तेच की हे. गूळही साखरच. मीही अप्पांना दिलेत." एवढं बोलून आत गेल्या. सून उभीच. सात नंबरवाल्या वहिनींनी नंतर मला विचारलं, "भांडण झालं का हो?" मी म्हटलं, नाही. त्यांचा चेहरा पडला ना!

मग आली संकष्टी. आता हे खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही कडक. काकूंचा उपास, चंद्रोदयाला वेळ होता, ओट्यावर सुनेचं सामान मांडलेलं. काकू बघत बघत थबकल्या. "अगं, बदाम, खजूर, तूप, लिंबू, हे तर सगळं उपासाचंच!" आणि गॅलरीत येऊन वर हाक मारली, माडीवरच्या आजींना. आजी कठड्यावरून वाकल्या, खाली आम्ही चौघी जणी माना वर करून. सुप्रीम कोर्टच ते!

आजींनी एकेक घेतलं. बदाम? चालतो. खजूर? चालतो. तूप? हे काय विचारणं! गाजर? इथं खटका. आजींच्या सासरी चालायचं, काकूंच्या माहेरी नाही, माझ्याकडे रताळं चालतं पण गाजर… बरं, ते असू दे. दालचिनी? "नाही. वेलची घाल." सोडा? आजी गप्प. त्यांच्या वेळी हा प्रश्नच आला नसणार. अंडी? आजींनी उत्तरही दिलं नाही, नुसता कानाला हात लावला.

सून कमी आहे होय? ती म्हणाली, "पण आजी, वरी तर धान्यच आहे. गवताच्या जातीतलं, बारीक दाण्याचं. ती तुम्हाला उपासाला चालते आणि मला डाएटला नाही. आणि साबुदाणा चक्क कंदाचा, तो दोघींना चालतो." आजी म्हणाल्या, "तुझं तू डॉक्टरला विचार. मला गणपतीला तोंड दाखवायचंय." काय हशा पिकला! पण जाता जाता त्याच आजी म्हणाल्या, आणि हेच महत्त्वाचं, "तुझा केक कापताना भुगा होतो ना? मी बघितलं. बदामाला चिकटा नसतो. दोन चमचे शिंगाड्याचं पीठ घाल, धरून राहील. आणि निवल्याशिवाय डब्यातून काढू नकोस."

बघा म्हणजे! ती बीकेसीची मुलगी मोबाइलमध्ये जे शोधत होती ते आजींच्या उपासाच्या डब्यात. गव्हात जो चिवट धागा असतो, तो बदामात नाही, म्हणून अंड्यानं आणि शिंगाड्यानं ते काम करायचं. आपल्याकडे धान्याशिवाय शिरा, थालीपीठ, पुऱ्या, सगळं होतं वर्षातले कितीतरी दिवस. आपण त्याला कधी नाव नाही दिलं, एवढंच.

बरं, आता तिसऱ्याचं सांगते, हा आत्ता झालाय तो. लिहून घ्या, पण मी सांगितलं म्हणू नका हं. सालासकट बदामाचं पीठ २०० ग्रॅम. लाल गाजर २५०, बारीक किसून, आणि हातानं हलकं पिळून, कारण लाल गाजराला पाणी फार. अंडी चार, पांढरं वेगळं फेटून शेवटी हलक्या हातानं मिसळायचं. खजूर फक्त ६० ग्रॅम, गरम पाण्यात भिजवून वाटलेला. म्हणजे एका तुकड्यात, नातवाच्या हिशोबानं, चमचाभर साखर खजुराची, गाजराची थोडी वेगळी. शिंगाड्याचं पीठ दोन मोठे चमचे, तूप तीन, पाव लहान चमचा सोडा, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. दालचिनी आणि जायफळ लालबागच्या मसाला गल्लीतलं. काकूंचं माहेर परळचं, मसाला दुसरीकडचा त्यांना चालतच नाही. आणि नागपुरी संत्र्याची साल, वरची केशरी तेवढीच किसून. गोड कमी केलं की वासानं भरून काढायचं, हे काकूंचं डोकं.

सात इंची डबा, ओव्हन १६० वर, पाऊण तासाहून थोडं जास्त. बदाम लवकर करपतो म्हणून अर्ध्या वेळानंतर वर फॉइल झाकायची. आणि मग… हात लावायचा नाही. डब्यातच पूर्ण गार. काकू ओट्यापाशी खुर्ची टाकून राखणीला बसल्या होत्या, अप्पा दोनदा पाणी प्यायच्या निमित्तानं येऊन गेले.

वर क्रीम नाही. सुनेला ते चीजचं क्रीम हवं होतं, काकूंनी ठाकूरद्वारच्या डेअरीतून चक्का आणला. केशराच्या काड्या दुधात खलून घातल्या, साखर नाही, संत्र्याचा कीस थोडा. काय दिसत होता! अप्पांना एक तुकडा, मोजून एक, जेवणाऐवजी नव्हे आणि जेवणावर तर नव्हेच, चार वाजता. आणि मशीन? १५८! अप्पांनी तो आकडा सगळ्या मजल्यांना दाखवून आणला, जणू बोर्डाचा निकाल.

आंटीला पाठवला एक तुकडा. तिनं निरोप दिला, "आता बरोबर. पन थोडी रम घाला." काकूंनी ते अप्पांना सांगितलेलं नाही.

तर काय सांगत होते… हां, काल त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं ना! रथसप्तमी जवळ आली, सगळ्यांचीच घाई. तिळगूळ, हरभऱ्याची ओटी, अत्तर, आणि ताटलीत हा केक, छोटे चौकोन. सगळ्या बायका 'यात पीठ नाही?' 'साखर नाही?' करत परत परत घेतायत. सून प्रत्येकीला सांगते, "साखर नाही असं नाही हं काकू, कमी आहे." शिकली बघा! आणि काकू मागून अभिमानानं, "खजुराची असते ना."

सात नंबरवाल्या वहिनींनी घेतला, अर्धाच. म्हणाल्या, "बरा आहे. कोरडा नाही. पण केक तो केक, हा आपला गाजराचा हलवाच की वड्या पाडलेला. हलवा मी यापेक्षा चांगला करते." काकू हसल्या फक्त. तेही मी पहिल्यांदाच बघितलं.

आणि वाण काय लुटलंय माहीत आहे? मापाच्या चमच्यांचे संच! स्टीलचे, कडीत अडकवलेले. सुनेची आयडिया, काकूंनी पैसे दिले. म्हणजे ग्रॅमही हरले आणि वाटीही, चमच्यावर तडजोड झाली. बायका खूश, प्लॅस्टिकचे डबे घेऊन घेऊन कंटाळल्या होत्या सगळ्या.

आता ऐका हं, जवळ या. वहिनींनी तो संच हातात घेतला, कडीतून एकेक चमचा सरकवला, उजेडात धरला, आणि अगदी सहज, हं, अगदी सहज विचारलं, "यातला पाव चमचा कुठला हो?"

एकदम शांतता. सुनेनं दाखवला. वहिनींनी नीट बघून घेतला आणि संच पिशवीत टाकला. पिशवीत आधीच क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानाचा पुडा होता, मी डोळ्यांनी बघितला, वरून बदाम दिसत होते.

आता तुम्हीच सांगा, हलव्यात सोडा कोण घालतं?